एका माणसाचा रकाना

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे 'तीन कोटेशन' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. ते ह्यांच्या कानावर आलं होतं आणि ह्यांना त्याचा अभिमान होता, हे आणखी वाईट. एकोणचाळीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. नटबोल्ट असोत की कँटीनची भांडी, तीन ठिकाणचे भाव मागवायचे, मोठ्या कागदावर रकाने आखायचे, ते भरायचे आणि सगळ्यात कमी भाववाल्याला ऑर्डर द्यायची. ही सवय घरी आली नसती तरच नवल. गादीवाला, रंगारी, दातांचा डॉक्टर, सगळे त्या तक्त्यातून पास होऊनच आमच्या घरात शिरले. मला बघायला आले त्याआधी ह्यांनी आणखी दोन मुली बघितल्या होत्या. तेव्हा माझी निवड कशी झाली असेल ते तुम्हीच समजा.

निवृत्त झाले आणि तक्ता करायला काही उरलं नाही. दोन महिने माणूस घरात नुसता येरझारा घालत होता. फ्रिज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा. मग सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एका निवृत्त बँक मॅनेजरने ह्यांच्या डोक्यात भरवलं, की हल्ली माणसं म्हातारपणी स्वस्त देशात जाऊन राहतात. इथल्या पेन्शनीत तिथे राजासारखं राहता येतं म्हणे. झालं! त्या दिवसापासून जेवणाचं टेबल माझं राहिलं नाही. चार कागद चिकटवून एक कागद झाला. डावीकडे अकरा देश, वर रकाने. घरभाडं, भाजी, वीज, डॉक्टर, औषधं, बस, हवा, राहण्याचा परवाना. आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ताटं ठेवून उभ्याने जेवत होतो, कारण टेबलावर अकरा देश पसरलेले.

मी एकदा म्हणाले, "अहो, ह्यात एक रकाना राहिला. तिथे आपलं कोण आहे?"

"ते मोजता येत नाही," हे म्हणाले आणि पट्टीने पुढची रेघ मारली.

शेवटी एक देश सगळ्यात खाली उतरला, म्हणजे भावात. ठरलं. आधी सहा महिने राहून बघायचं. आवडलं तर दहा वर्षांचा परवाना काढायचा. त्या परवान्यासाठी तिथल्या बँकेत मोठी ठेव ठेवावी लागते, आणि तेवढी रक्कम आमच्याकडे एकाच गोष्टीतून येणार होती, ती म्हणजे आमचं घर. तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. वरच्या मजल्यावरच्या लोकांना ते त्यांच्या मुलासाठी हवंच होतं. पण घर दोघांच्या नावावर. माझ्या सहीशिवाय त्याची वीटही हलणार नव्हती.

आणि ते उगीच माझ्या नावावर नव्हतं. समोरच्या खोलीत मशीन मांडून मी अठ्ठावीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक फिरायला जायचे तेव्हा मी निळ्या चड्ड्यांच्या ढिगात बसलेली असायची. कर्जाचे निम्मे हप्ते त्या चड्ड्यांनी भरले. मला पेन्शन नाही, फंड नाही, माझं म्हणायला जगात जे काही आहे ते म्हणजे ते अर्धं घर. लेक आहे, पण तिच्या दोन खोल्यांत तिचे सासू-सासरे, दोन पोरं आणि जावयाचं ऑफिस. तिथे मी जाऊन कुठे पथारी पसरणार? म्हणून मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, की सहा महिने येते, पण सही तिथे राहून बघितल्यावरच.

गेलो. खोटं कशाला बोलू, स्वस्त होतं. भाजी स्वस्त, फळं स्वस्त, घर मोठं. इतकं मोठं की ह्या खोलीतून त्या खोलीत हाक मारली तर आवाज परत यायचा. गॅलरीतून दुसऱ्या इमारतीची गॅलरी दिसे, तिथेही आमच्यासारखंच एक परदेशी म्हातारं जोडपं. चार महिने आम्ही एकमेकांना हात हलवून दाखवले. ह्यापलीकडे संबंध नाही, कारण त्यांची भाषा आम्हाला येईना आणि आमची त्यांना. दुकानात मी मीठ म्हणून धुण्याचा सोडा आणला. चव बघितली म्हणून वाचलो.

डॉक्टरही तक्त्याप्रमाणे स्वस्त. माझे तळपाय रात्रभर जळायचे, मुंग्या यायच्या. मला पंधरा वर्षांची शुगर, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं. मोबाइलमधलं, बोललेल्याचं भाषांतर करून देणारं ते यंत्र घेऊन गेलो. मी बोलले, यंत्र काहीतरी बोललं, डॉक्टरीण बाई हसली. मी हाताने मुंग्या चालवून दाखवल्या, पायाखाली आग लागल्याची खूण केली. ती फार समजूतदारपणे माझ्या खांद्यावर हात ठेवून खरजेचं मलम देऊन मोकळी झाली. बाहेर आल्यावर हे काय म्हणाले असतील? "बघ, आपल्याकडच्या फीच्या एक चतुर्थांश!" अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मलम तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

तर अशी मी. पाचव्या महिन्यात मनाशी पक्कं करून टाकलं होतं, की सही नाही. हे रोज विषय काढायचे, मी रोज कणीक मळायला घ्यायची. ठेव भरायची मुदत संपत आली होती. हे वैतागून म्हणायचे, "अगं, नाही म्हणायला काही कारण तरी सांग." आता कारणांचा पाढा कुठून वाचायला सुरुवात करायची?

आणि मग मला तो तक्ता सापडला.

माझे जुने रिपोर्ट शोधायला मी ह्यांची फाईल उघडली होती. अकरा देशांचा तो कागद आठ घड्या घालून ठेवलेला. उलगडला, तर मागच्या बाजूला दुसरा तक्ता. तो मी कधी बघितलाच नव्हता. तेच देश, तेच रकाने, तेच सुबक अक्षर, पण वर ठळक लिहिलेलं, 'एक व्यक्ती'. एका खोलीचं भाडं. भाजी निम्मी. वीज निम्मी. स्वयंपाकाला बाई, आठवड्यातून चार दिवस. आणि आम्ही राहत होतो त्या देशाभोवती लाल गोल.

मी तिथेच पलंगावर बसले. ह्यांच्या मागे मी एकटी कशी राहीन, कुठल्या खोलीत राहीन, मला किती लागेल, हे सगळं ह्या माणसाने बसून लिहून ठेवलं होतं. म्हातारपणी हिच्याच्याने उभं राहवणार नाही, म्हणून स्वयंपाकाला बाईसुद्धा धरली होती! अडतीस वर्षांत माझ्यासाठी साधा गजरा आणला नाही, आणि इथे मी विधवा झाल्यावरची भाजी हे निवडत बसले होते. मला रडूच कोसळलं. मी काय काय बोलले होते ह्यांना! कंजूष म्हणाले होते, दगड म्हणाले होते. ज्याला बोलता येत नाही तो रकान्यातून बोलतो, मलाच मेलीला वाचता आलं नाही, असं वाटलं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी चांगली साडी नेसून बसले होते. म्हटलं, "उद्या एजंटाकडे जाऊ. करते सही."

हे गोंधळले. "काय झालं एकदम?"

"काही नाही. तुमच्यावर विश्वास आहे," मी म्हणाले. लेकीलाही फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आई, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

एजंट आपल्याच भाषेचा, तिथे वीस वर्षं राहिलेला, गोड बोलणारा. लाँड्रीच्या दुकानावर त्याचं ऑफिस. खालून इस्त्रीची वाफ वर यायची. टेबलाशी तिथली शिक्का मारणारी वकीलबाई तिचा ठसा आणि शाईचा डबा मांडून बसली होती. एजंटाने माझ्यापुढे आधी परवान्याचा अर्ज सरकवला. घर विकायचं अधिकारपत्र त्याखाली होतं.

"मॅडम, इथे सही. अवलंबून व्यक्ती म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे परवाना साहेबांचा. त्यांची पेन्शन आहे ना. साहेब आहेत तोवर तुम्ही आहात. साहेबांचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला नव्वद दिवसांत देश सोडावा लागतो. ठेवही साहेबांच्या नावावर, ती सुटायला वर्ष-दीड वर्ष जातं. इथला नियमच आहे तसा. दुसऱ्या काही देशांत बायकोला पुढे राहता येतं, पण ते महाग पडतात हो."

मला हसू आलं. खरंच आलं. बिचाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटलं म्हणायचं. मी एजंटाला म्हटलं, "अहो, हे ह्यांना माहीत नसणार. नाहीतर त्यांनी हा देश घेतलाच नसता. त्यांनी मी एकटी मागे राहीन तेव्हाचासुद्धा हिशोब करून ठेवलाय."

तिथे हे गप्प बसले असते तर? मी आजही विचार करते. गप्प बसले असते तर मी दोन्ही कागदांवर सही करून मोकळी झाले असते. पण ह्यांना एक नियम माहीत नव्हता, असं मी परक्या माणसासमोर म्हणाले होते. एकोणचाळीस वर्षांच्या खरेदी विभागाला ते सहन होणार होतं होय?

"माहीत आहे मला," हे ताठ बसून म्हणाले. "अटी वाचल्याशिवाय मी आजवर टाचणीही घेतलेली नाही. सहावं कलम."

"मग तो मागचा तक्ता? एका माणसाचा?"

"तो माझा आहे."

एजंटाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"तुमचा म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, म्हणजे नंतरचा." आता ह्यांना काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण समजावून सांगायची खोड गेली नाही. बोटं मोजत सांगू लागले. "तुझी शुगर पंधरा वर्षांची. आता ते पायांचं सुरू झालं. तुझी आई एकसष्टाव्या वर्षी गेली, मावशी त्याच्या आधी. माझे वडील नव्वदपर्यंत होते, काका अजून आहेत. सगळं बघता तू आधी... असंच धरावं लागतं ना? मग ती अट आपल्याला लागूच होत नाही. नाहीतर हा देश स्वस्त कसा पडेल?"

स्वयंपाकाची बाई कोणासाठी होती ते मला तेव्हा कळलं. ह्यांना चहासुद्धा करता येत नाही.

  वकीलबाईला भाषा कळत नव्हती, पण तिने आपला ठसा हळूच डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मी उठले. घराचं अधिकारपत्र उचललं, चार तुकडे केले, ते पर्समध्ये टाकले. दुसऱ्याच्या ऑफिसात कचरा कशाला करायचा.

जिन्यात हे मागून धावत आले. "अगं, चिडण्यासारखं काय आहे ह्यात? कोणीतरी आधी जाणारच ना?"

खरं होतं ते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोणीतरी आधी जाणारच. पण मी गेल्यावर ह्यांना भाजी किती लागेल ते लिहून झालं होतं, आणि हे गेल्यावर मी कोणाच्या दारात उभी राहीन, ह्यावर त्या एवढ्या मोठ्या कागदावर एक ओळ नव्हती. माझं घर विकून, माझ्या मशीनचे पैसे ह्यांच्या नावावर ठेवून, मी वेळेवर मरायचं होतं. उशीर केला तर हिशोब माझ्यामुळे चुकणार होता.

ठेव भरली नाही, त्यामुळे परवाना मिळाला नाही, आणि महिन्याभरात आम्ही परत आलो. दोघंही. वेगळं राहण्याचं वय आणि ऐपत दोन्ही नव्हती, आणि घर तर अर्धं ह्यांचंही आहे. लेकीला मी कारण सांगितलं नाही. तिथली हवा मानवली नाही, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "बाबांनी तुझ्यासाठी सगळं सोडलं हं आई, किती करतात तुझं." 

आणि करतात हो, ते खरंच आहे. परत आल्यापासून हे फार बदललेत. सकाळी उठल्याबरोबर विचारतात, झोप लागली का. माझी गोळी काढून पाण्याच्या पेल्यासोबत हातात देतात. शुगर तपासायचं यंत्र आणलं, दर आठवड्याला स्वतः माझ्या बोटाला टोचतात, आकडा आला की वहीत लिहून ठेवतात. शेजारीण म्हणते, नशीब काढलंस बाई.

परवा आकडा चांगला आला. खूप वर्षांत आला नव्हता इतका चांगला. ह्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "वा, छान आहे." मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षं मी तो चेहरा वाचत आले. ह्यांना आनंद झाला होता की नाही, ते मला काही केल्या कळेना.