सौम्य सूज

तिच्या उजव्या कानामागचे केस तीन सेंटीमीटर वाढले होते. मी पट्टी लावून मोजले. गरज नव्हती, शस्त्रक्रियेची तारीख फाइलमध्ये होती. पण फाइलवरचा माझा विश्वास उडाला होता, केसांवरचा अजून होता. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. ऑपरेशनच्या दिवशी तिथे वस्तरा फिरला होता, म्हणजे अकरा आठवडे होत आले. केस बाजूला केले की खाली जखमेची रेघ दिसायची. फिकट, सपाट, छान भरलेली.

मुलगी सव्वातीन वर्षांची आहे, जन्मापासून बहिरी. आमच्या बहिऱ्या मुलांच्या केंद्रात सगळे तिला इन्स्पेक्टर म्हणतात, कारण खोलीत आली की ती आधी माझे सगळे खण तपासते आणि जी वस्तू पसंत पडत नाही ती माझ्या हातात आणून ठेवते. त्या दिवशी तिने स्टेपलर नापास केला आणि चष्म्याची डबी.

तिच्या कानामागे हाडात एक छोटं यंत्र बसवलेलं आहे. त्याचा बाहेरचा भाग चुंबकाने डोक्याला चिकटतो. तो लावून मी संगणकावरून यंत्र चालू केलं की तिच्यापर्यंत आवाज पोहोचू लागेल. जखम भरायला तीन-चार आठवडे देतात आणि मग चालू करतात. त्याहून जास्त थांबायचं नसतं. मेंदूतली आवाजाची जागा रिकामी राहिली की डोळे ती हळूहळू बळकावतात, रिकाम्या घरात शेजाऱ्याने आपलं सामान आणून टाकावं तशी. सात आठवड्यांच्या उशिराने नेमकं किती नुकसान होतं ते मला आकड्यात सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. आम्ही याच गोष्टीचा फायदा घेत होतो.

बाहेरचा भाग माझ्या कपाटात होता. खोक्याचं सील शाबूत होतं, कारण ते साहेबांनी फोडायचं होतं.

साहेब म्हणजे आमचे सर्वात मोठे देणगीदार. केंद्र चालवते माझी थोरली बहीण. मी तिथे ऑडिऑलॉजिस्ट, ऐकण्याच्या चाचण्या करणारी तज्ज्ञ आहे, म्हणजे यंत्रं आणि मुलं माझ्याकडे, माणसं ताईकडे. ही वाटणी लहानपणापासूनची आहे. घरी पाहुणे आले की ती बोलायची आणि मी आतल्या खोलीत बसायचे. या वर्षी शेअर बाजार कोसळला आणि देणारे एकेक करून गळाले. एकाने दोन ओळींची मेल पाठवली, दुसऱ्याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ताईने प्रत्येकाच्या नाकदुऱ्या काढल्या. शेवटी साहेब उरले. त्यांना टिकवायचं तर नुसत्या अहवालाने भागणार नाही, त्यांना डोळ्यांनी काहीतरी दिसलं पाहिजे, असं तिने ठरवलं आणि मला न विचारता कळवून टाकलं: या मुलीचं यंत्र तुमच्या हाताने चालू होईल. ती आयुष्यातला पहिला आवाज ऐकेल तो तुमचा.

साहेबांना कल्पना फार आवडली. ते कॅमेरावाल्यांना घेऊन येणार होते. पुढच्या सहा मुलांची ऑपरेशनं त्यांनी त्याच फोनवर कबूल केली.

पहिली तारीख पुढे गेली तेव्हा ताई म्हणाली, चारच दिवसांचा तर प्रश्न आहे. मुलीच्या आईला काय सांगायचं, मी विचारलं. काहीतरी वैद्यकीय लिही, म्हणाली. मी फाइल उघडली आणि लिहिलं, 'सौम्य सूज. यंत्र आज चालू करता येणार नाही.' अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य आलं. दुसऱ्या वेळी तेच लिहिलं आणि तिसऱ्या वेळीही. वीस वर्षांत मी एकाही मुलाच्या चाचणीत अर्ध्या डेसिबलची फिरवाफिरव केली नव्हती. इथे तीनदा खोटी सही ठोकली आणि घरी जाऊन जेवले.

त्या मंगळवारी चौथी तारीख होती. हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या, मागे साहेबांच्या फोटोचा फलक होता. फोटोत साहेब मुलीच्या चौपट मोठे होते. मुलीला केंद्राच्या खर्चाने पिवळा फ्रॉक आणला होता. सव्वादहाला साहेबांच्या सेक्रेटरीचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणून. बाजार पुन्हा खाली गेला होता. अशा वेळी साहेब समारंभात हसताना दिसले तर बरं दिसणार नाही. आता पुढच्या महिन्यात, कंपनीचे निकाल लागल्यावर. सेक्रेटरी अगदी गोड बोलत होता. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं,

"मुलगी तशीच ठेवली आहे ना?"

"हो हो," ताई म्हणाली. "अगदी तशीच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. फ्रिजमध्ये ठेवलेल्या वस्तूबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं होतं, आणि दुकानदाराने सांगावं तसं हिने सांगितलं होतं. पण मी काय बोलले? मी म्हणाले, आणखी एक महिना बरोबर नाही. बस्स, एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

ताईचा चढला. तिने मला चांगलंच धारेवर धरलं. तुझे हात स्वच्छ आहेत कारण माझे नाहीत, म्हणाली. दारोदार मी जायचं, कुणाच्या नातवाचं कौतुक करायचं, कुणाच्या कविता ऐकायच्या, आणि तू आत बसून तत्त्वं पाळायची. तुझ्या खोलीतलं प्रत्येक मशीन माझ्या लाचारीवर आलंय. यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई गं, एका मुलीचा एक महिना आणि सहा मुलांचं आख्खं आयुष्य. तू शास्त्र शिकलीस ना? मांड बरं हिशोब."

मला तो मांडता आला नाही. मांडता यायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. मी तिच्या टेबलावरची फाइल उचलली, चौथ्यांदा तेच लिहायचं असं ठरवून माझ्या खोलीत आले आणि मुलीचे केस बाजूला करून पट्टी लावली.

मुलीची आई समोरच्या खुर्चीत होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बाह्या लावते. मुलीला दर वेळी इथे आणायचं म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी बुडते. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मी पट्टी खाली ठेवली तशी तिने पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. बाह्यांच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली उशी होती, मधे गोल भोक.

"हिच्यावर निजवते तिला," ती म्हणाली. "कान भोकात राहतो, दाब पडत नाही. तीन वेळा उसवून पुन्हा शिवली. तरी सूज उतरत नाही म्हणता."

मी उशी हातात घेतली. टाके बारीक आणि एकसारख्या अंतरावर होते.

तिला एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. पाणी लागू नये म्हणून दोन महिने तिने मुलीचं डोकं नुसतं ओल्या फडक्याने पुसलं होतं. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, तू विंचरताना जोर लावत असशील, तेव्हापासून ती बोटांनी विंचरत होती. नवरा म्हणाला, तुझ्याकडून एक काम धड होत नाही. हे सगळं तिने तक्रार न करता सांगितलं, डॉक्टरला लक्षणं सांगतात तसं, म्हणजे मला कारण सापडायला मदत होईल. मुलगी तिच्या पायाशी बसून माझ्या खालच्या खणातल्या रबरबँडांची तपासणी करत होती.

"परवा मी मारलं हिला," आई म्हणाली. तिने मुलीकडे पाहिलं नाही. "सारखा तिथे हात लावत होती. सांगून कळत नाही ना हिला, ऐकू कुठे येतंय. म्हणून हातावर मारलं. जोरात. माझंच चुकतंय ना मॅडम काहीतरी? खरं सांगा, मी रागावणार नाही."

ती रागावणार नव्हती. हीच गोष्ट मला सहन होईना.

तेवढ्यात ताई दारात आली. पाहुण्यांसमोरचा चेहरा तिने लावलेला होता. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली की थोडीशी सूज आहे हो अजून, घाबरण्यासारखं काही नाही, पुढच्या महिन्यात नक्की. फ्रॉक तुमच्याकडेच ठेवा. आईने मान हलवली आणि उशी पिशवीत परत ठेवू लागली. मी लिहावं म्हणून ताईने पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी उठले आणि कपाट उघडलं. खोकं काढताना वरची कागदपत्रं खाली पडली. ती उचलायला मुलगी लगेच पुढे आली. मी कात्रीने सील फोडलं.

"काय करतेस?" ताई म्हणाली. आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, "अगं, त्या सहा जणांच्या आयांना कोण सांगणार?"

"मी सांगेन," मी म्हणाले. मग मी तिच्याकडे पाठ केली आणि मुलीच्या आईसमोर बसले, तिच्या डोळ्यांत पाहता येईल अशी.

"तुमचं काहीही चुकलेलं नाही. हिला सूज नव्हती, एक दिवसही नव्हती. फाइलमध्ये ते मी खोटं लिहिलं, तीनदा, एका माणसाला इथे यायला सवड नव्हती म्हणून. हिला मांडीवर घ्या. मी यंत्र आत्ता चालू करणार आहे, आणि हिच्याशी पहिलं तुम्ही बोलायचं."