सातवं नाव

मनोहरांनी चौथ्यांदा अनिशचा नंबर लावला. पुन्हा व्हॉइसमेल.

मैदानाच्या मध्यावर रेफरी घड्याळ बघत उभा होता. समोरचा संघ कधीचा तयार होता. इकडे अनिशशिवाय सहाच जण. सातांशिवाय सामना सुरू होत नसे, आणि या मोसमात दोनदा तो सोडून द्यावा लागला होता. तिसऱ्यांदा सोडला की बायका-पुरुषांच्या या मिश्र लीगमधून क्लबचं नाव कटणार होतं.

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नचा हा हर्लिंग क्लब आयरिश लोकांनी काढलेला. चपट्या काठीने चेंडू उडवायचा हा त्यांचा खेळ मनोहर हॉकी समजून खेळायला आले आणि पहिल्याच दिवशी चेंडू हातात धरणाऱ्याशी भांडले. हळूहळू आयरिश मंडळी मायदेशी परतली, काही वारली. शेवटचा डेक्लन जाताना क्लबचे सगळे कागद एका सुटकेसमध्ये भरून मनोहरांकडे ठेवून गेला. तेव्हापासून क्लब म्हणजे पुण्या-नागपूरची पोरं. आता त्यांच्याही नोकऱ्या जात होत्या.

"सत्यजित?" कप्तान हिमानीने विचारलं.

"टेक्सासला. इंटरव्ह्यू आहे."

"मग कॅन्सल करू या, काका. वी ट्राइड."

मनोहरांनी पेन काढलं. खेळाडूंच्या यादीत सातव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि जादाचं हेल्मेट उचललं. मार्चमध्येच हृदयात दोन स्टेंट बसवले होते. पट्ट्याचं बक्कल लागेना.

शैलजाबाई खुर्चीवरून उठल्या. अठ्ठावीस वर्षं त्या नवऱ्याच्या या खुळाला नावं ठेवत कडेला बसत आल्या होत्या. त्यांनी हेल्मेट काढून घेतलं, यादीतलं नवऱ्याचं नाव खोडलं आणि खाली स्वतःचं लिहिलं.

"अगं, तुला काय येतंय यातलं?"

"पळता तुम्हालाही येत नाही. बसा तिथे."

मग हिमानीकडे वळून त्या म्हणाल्या, "त्यांचा बारा नंबर नेहमी डावीकडून घुसतो. तिकडे निहारला ठेव. मी उजव्या कोपऱ्यात उभी राहते."

हिमानीने निहारला डावीकडे पाठवलं.

शिट्टी वाजली. चेंडू उंच उडाला आणि उजव्या कोपऱ्याकडे वळला. मनोहरांनी मैदानाकडे पाठ केली. मागून सगळे एकदम ओरडले. कशासाठी, ते वळून बघायचं त्यांना धाडस होईना.