न उठलेला वाडा

मी भुऱ्या बोलतोय, ठेलारी मेंढपाळांचा कुत्रा. घाबरू नका, मी चावत नाही. फक्त वळवतो.

साक्रीकडच्या माळावर माझा जन्म झाला. डोळे उघडायच्या आतच मालकाने, सुपडूने, मला एका मेंढीच्या पोटाशी लावलं. तिचंच दूध पिऊन वाढलो. आमच्या जातीला असंच वाढवतात, म्हणजे कळपाचा वास अंगात मुरतो. अंग बारीक, पाय लांब, केस राखाडी. भुंकणं कमी, बघणं फार. तुमच्या कॉलनीतल्या गुबगुबीत कुत्र्यांसारखं स्कूटरमागे बोंबलत धावणं आम्हाला शोभत नाही. मेंढरू भरकटलं की आडवं जायचं आणि डोळ्यांत डोळे घालून उभं राहायचं. ते आपसूक फिरतं.

सुपडूने माझ्यावर कधी हात उगारला नाही. "भ्यायेल कुत्रा मेंढरं भिवाडस," असं तो म्हणायचा. त्याची बायको तानुबाई माझ्या कानामागच्या गोचिड्या वेचायची, करंजाचं तेल चोळायची. घरच्यांच्या आधी मला दुधात कुस्करलेली भाकरी मिळे. परक्या हातचं मी खात नसे. याचं त्यांना कोण कौतुक! मलाही होतं. पुढे तेच नडलं.

वाडा म्हणजे आमचा मुक्काम. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. आम्ही मेखा ठोकून जाळी लावायचो, मेंढरं आत आणि मी दाराशी. निघताना मेंढरं बाहेर काढायची, मेखा उपटायच्या. मग सुपडू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "वाडा उठना, भुऱ्या." म्हणजे वाडा उठला, आता निघायचं. त्या बोलाशिवाय मी जागा सोडायची नाही, आणि आत एकही मेंढरू असेपर्यंत तो बोल कोणी काढायचा नाही. असा आमचा नेम.

सन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमचा वाडा जळगावला, पिंप्राळ्याच्या शिवारात होता. सुपडूला ऊन लागलं. मला "बस" म्हणून तो रिक्षात पडला आणि तानुबाई त्याच्यासोबत दवाखान्यात गेली. ते परतलेच नाहीत. मग त्याचा भाऊ निंबा आला. त्याने घाईघाईने वाडा मोडला, शिट्टी मारली, माझा पट्टा ओढला. मी हललो नाही. पाठीवर हात नव्हता आणि तो बोलही नव्हता.

"भूक लागनी म्हंजे येई आपोआप," म्हणत निंबा कळप घेऊन गेला.

मी बसलो. शेतकऱ्याने भाकरी टाकली, मी तिला तोंड लावलं नाही. एका दुपारी उठून पाहिलं तर माझी सावली पडत नव्हती.

मग शेताचे प्लॉट झाले, घरं उभी राहिली, भोवती कुंपण आणि फाटक आलं. घरांत माणसं आली. मला बरं वाटलं. रिकाम्या वाड्याची राखण फार वाईट हो!

माणसं मेंढरांसारखीच. एक थांबलं की बठ्ठी, सगळीच थांबतात. इथल्याच एका घरातल्या सुकदेवरावांची भुसावळला बदली झाली, सामान टेम्पोत चढलं. मी फाटकात आडवा उभा राहिलो. टेम्पो बंद पडला. त्यांची बायको पोटरी चोळत म्हणाली, "अहो, काहीतरी ओलं लागलं. राहू द्या ना, मला इथून निघवतच नाही." ते अजून इथूनच जाऊन-येऊन करतात. या कॉलनीतून कोणीच घर सोडून गेलेलं नाही. लोक म्हणतात, जागाच भारी लाभाची.

यंदा चैत्रात भर दुपारी तानुबाई आली. केस पांढरेफटक. माझ्या जागेवर आता कडुनिंब आहे, त्याखाली ती बसली. फडक्यातून दुधात भिजवलेली भाकरी काढून तिने जमिनीवर ठेवली.

"तो तं दवाखानामाच गया रे," ती म्हणाली. "निंबाले बोल माहीत नव्हता. माले येवाले उशीर झाया."

तिने हात पुढे केला. बरोबर माझ्या पाठीवर.

"वाडा उठना, भुऱ्या. चाल आते."

मी उठलो. किती वाट पाहिली होती या शब्दांची! तिच्या मागे फाटकापर्यंत गेलो आणि सवयीने मागे पाहिलं. ओट्यांवर म्हाताऱ्या बसलेल्या, खिडकीत कोणी केस विंचरत होतं. वाडा भरलेला होता. भरला वाडा उठतो का?

मी फिरलो आणि तानुबाईला आडवा गेलो. तिचे पाय थांबले. खाली पाहत ती रडता रडता हसली.

"माले बी वळस का रे?"

माझा जीव तुटला. मी बाजूला झालो. जन्मात पहिल्यांदा एक मेंढरू मी जाऊ दिलं. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी कडुनिंबाखाली येऊन बसलो.

ती सुपडूची होती, म्हणून सोडली. तुमचं तसं नाही. आता दिवस कलतोय. फाटकाशी पिशवी घेऊन उभे आहात, कुठे निघालात?

चला बरं, आत चला.