गोदीतल्या मारुतीचा नारळ

या, असे जवळ सरका. बुवांना घसा ओला करू द्या, कीर्तनाच्या उत्तररंगाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एका नवसाची गोष्ट ऐकवतो.

कळंबच्या गौराबाई नवस बोलल्या होत्या. नात हर्षलाला नर्सिंगला प्रवेश मिळू दे, मुंबईच्या गोदीतल्या मारुतीपुढे नारळ वाढवीन. हा मारुती त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. नवरा नागू अठ्ठावीस वर्षं गोदीत हमाली करत होता. दर शनिवारी दुपारी मारुतीपुढे कीर्तनाला उभा राहायचा आणि गावी आला की त्या देवाचं कौतुक सांगायचा. समुद्राकडे तोंड, अंगभर शेंदूर, मोठा जागृत! नागूला जाऊन तीन वर्षं झाली. इकडे देव तर नवसाला पावला. सोमवारी हर्षलाचं कॉलेज सुरू होणार, आणि देवाचं देणं डोक्यावर ठेवून पोरीनं आजाऱ्याला हात लावायचा? गौराबाईंना घास गोड लागेना.

वाट ठाऊक असलेला माणूस एकच, नागूचा गोदीतला जोडीदार चांगो. तो अंग चोरू लागला.

"वैनी, तिथं काय नाय उरलं. गोदी बंद झाली. आता लोकं हवा खायाला जातात."

"माणसं जातात रं. देव कुठं जातोय? उद्या शनवार हाय, गुमान चल."

सकाळीच तिघं पोचली. पाहतात तर गोदामांची काचेची हॉटेलं झालेली, भिंतींवर वेली चढवलेल्या. अवजड क्रेन निळी रंगवून नुसती शोभेला उभी. बसायला गोणपाटाच्या गाद्या.

"आमी पोती पाठीवर घेतली," चांगो म्हणाला, "ही ढुंगणाखाली घेतात!"

धक्क्याच्या कडेला आल्यावर मात्र गौराबाईंचे हात आपोआप जुळले. समोर ओळीनं नऊ ठेंगणे, गोल डोक्याचे, केशरी रंगानं झळझळणारे...

"अगं बया! एक शोधाया आले, हितं नऊ!"

"आजी, ते जहाजाचे दोर बांधायचे खुंट आहेत," हर्षला कुजबुजली. "रंग दिलाय शोभेला."

"गप गं. चांगो, आपला कुठला?"

चांगोनं मान पुसली, समुद्राकडे पाहिलं, पुन्हा मान पुसली.

"वैनी, मारुती नव्हताच."

"म्हंजे?"

"मुकादम शनवारी पाठ टेकू देत नव्हता. नागूनं बाजारातनं शेंदूर आणला, एका खुंटाला फासला आन् ओरडला, मारुती परगटला! मुकादम भाविक. त्यानंच आधी लोटांगण घातलं. तवापासनं दर शनवारी अर्धा तास कीर्तन. पुढं नागू बोलायचा, फसवाया गेलो आन् मीच अडकलो, आता ह्याच्या पाया पडल्याबिगर पोतं उचलत नाय."

गौराबाई मट्कन खाली बसल्या. हर्षला घाबरली. पण म्हातारीचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

"मेल्यानं जलमभर मला गावात बसवून खुंटाला हात जोडाया लावलं!" मग त्यांनी डोळे टिपले. "पण पोरीचा नंबर लागला का नाय? मग ज्यानं लावला त्याला नारळ द्यायचा. त्यातला कुठला?"

"सगळ्यांना एकच रंग. मला नाय वळखत."

गौराबाईंनी पिशवीतून नारळ काढला, तोच शिट्टी वाजली. पहारेकरी धावत आला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, 'नवीन'.

"आजी, नारळ नाय फोडायचा इथं. नोकरी जाईल माझी."

"कुठला रं तू?"

"खालापूरचा."

"मग आपल्या कळंबच्या बाजूचाच की! फोडत नाय बाबा. मारुतीरायाची गोष्ट सांगितली तर चालंल?"

गोष्टीला मनाई कुठल्याच पाटीवर नव्हती. गौराबाईंनी पदर खोचला, चांगोनं पिशवीतले टाळ काढले आणि हनुमंत समुद्र ओलांडायला निघाला. समोर खराखुरा समुद्र! मैनाक पर्वत पाण्यातून वर येईपर्यंत गाद्यांवरची माणसं कॉफी सोडून भोवती जमली, मोबाइल वर झाले. इतक्यात घोळक्यातून वाट काढत इथले व्यवस्थापक देवव्रतसाहेब आले.

"काय चाललंय हे?"

नवीननं एकदा आजींकडे पाहिलं, एकदा साहेबांच्या कपाळाच्या आठीकडे. मग कडक सलाम ठोकला.

"सर, जुन्या गोदी कामगारांचा कार्यक्रम. श्रीफळ तुमच्याच हस्ते आहे. सगळे थांबलेत."

साहेबांनी पन्नास मोबाइलकडे पाहिलं. आठी विरली. कोटाचं बटण लागलं.

"उशीर तर नाही ना झाला?" असं विचारत त्यांनी नारळ घेतला आणि मधल्या खुंटावर असा हाणला की दोन शकलं झाली आणि पाण्याचा शिपका त्यांच्याच बुटांवर उडाला. टाळ्या कडाडल्या.

"आजी, तो त्यांनी फोडला," हर्षला कानाशी लागली. "आपला नवस?"

"हात त्यांचा गं. नारळ माझा, नि मनात नाव मी घेतलं."

मग खोबऱ्याचे तुकडे केले. आपला कुठला ते कळेना, म्हणून नऊही खुंटांवर एकेक ठेवला. प्रत्येकापुढं गौराबाई थोडं थांबल्या. शेवटच्याच्या कानात काय बोलल्या ते मारुतीला नाहीतर नागूला ठाऊक. हर्षलाच्या तळहातावर प्रसाद पडला तेव्हा कुठं म्हातारी सकाळपासूनचं पहिलं पाणी प्यायली.

चला, मृदंग लागला. बसा नीट. एकच मागणं आहे मंडळी. आज आरतीला हात जोडाल तेव्हा खालापूरच्या त्या नवीनची आठवण काढा. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून देवाच्या कामी खोटं बोलला बिचारा. त्याची नोकरी शाबूत राहो, एवढं मारुतीरायाच्या कानावर घाला.