पाथरवटाचं नाव

लंकाबाईने तापाने फणफणलेल्या नातीला थेट पाथरवटाच्या अंगणातल्या नव्या कोरीव दगडाच्या पायथ्याशी निजवलं, दगडाला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

"अगं ए, आधी उचल पोरीला!" भिका पाथरवट छिन्नी टाकून ओरडला.

"वरडता काय भाऊ? वीराचा दगड हाय, राखंल तो."

"दवाखान्यात ने तिला, लंकाबाई. जा!"

दगड वीराचा नव्हताच. दोन महिन्यांपूर्वी अणुखात्याच्या आरती मॅडम डिंगोऱ्याला भिकाकडे आल्या होत्या. अणुभट्टीचा जहरी कचरा कुठेतरी खोल पुरायचा होता. हजारो वर्षांनी आपली भाषा कुणाला कळो न कळो, दगड बघून माणसाने तिथून पळ काढला पाहिजे, असा नमुना त्यांना हवा होता. पसंत पडला तर खरा दगडही भिकानेच घडवायचा. त्याने मरून पडलेला माणूस कोरला, शेजारी पाठ फिरवून पळणारा दुसरा. खाली कोपऱ्यात, मॅडमना विचारून, स्वतःचं नाव. चाळीस वर्षं देव घडवले, पाटे-वरवंटे घडवले, नाव कशावरच नाही. पोटी मूल नाही. आता नाव राहणार म्हणून गडी नुसता हरखून गेला होता.

"मी बी रोज दिवा लावते की," बायको धोंडाबाई म्हणाली. "मेलेला मानूस कोरलाय, पाया नगं पडायला?"

भिकाला गावाबाहेरचे वीरगळ आठवले, लढाईत पडलेल्यांचे जुने कोरीव दगड. त्यांच्यावर कोण कोरलंय, हे आता कुणालाच ठाऊक नाही. तरी आजारी पोरं तिथेच निजवतात. त्यालाही आईने निजवलं होतं.

दुपारी मॅडम आल्या. "सुरेख झालंय, काका!"

"त्येच तर वाईट झालं, मॅडम. ह्यो दगड लोकांला पळवनार न्हाई, बोलवंल. पोरं निजवतील हितं."

"थोडा बदल करू या."

"काय बी कोरलं तरी आमी हात जोडनारच. तुमी दुसरं कायतरी शोधा."

"आणि तुमचं नाव?"

भिकाने घण उचलला आणि दगडावर घातला. त्याचे डोळे भरून आले, पण दगडाचे तुकडे होईपर्यंत हात थांबला नाही.

नावाचा तुकडा धोंडाबाईने रांजणापाशी पायरीसारखा टाकला. पंधरा दिवसांनी लंकाबाईची नात, बरी होऊन आलेली, त्याच्यावर उभी राहून वाकून पाणी पीत होती.

"दमानं पी, बाय," भिका म्हणाला.