गुणाजींची झोप

वॉर्डात दोन सिस्टर असल्या की जया स्वतःला नशीबवान समजायची. हसू नका, खरंच सांगते आहे. उपनगरातल्या त्या इस्पितळात छातीच्या रोग्यांचा वॉर्ड बारा महिने भरलेला, खाटा संपल्या की मधल्या वाटेवर गाद्या. कागदावर सिस्टर भरपूर. प्रत्यक्षात कुणी रिटायर झालेल्या, कुणी कंटाळून आखातात गेलेल्या, आणि त्यांच्या जागा भरायचं कुणी नावच काढत नव्हतं. आभाळच फाटलंय म्हटल्यावर ठिगळ लावणार तरी कुठे?

म्हणून त्या वॉर्डाने आपली आपण एक रीत पाडून घेतली होती. पेशंटजवळ बसलेलं माणूस म्हणजे अर्धी नर्स. वाफेचा मास्क त्याने लावायचा, सलाईन संपत आलं की त्याने हाक मारायची, पेशंट संडासला गेला की ऑक्सिजनचं चाक बंद करायचं, आला की उघडायचं. जया प्रत्येकाला हे शिकवायची. शिकवायची कसली, चालता चालता अंगावर फेकायची आणि पुढच्या खाटेकडे पळायची. नर्सिंग कॉलेजात असलं काही केलं असतं तर मॅडमनी कान पिळला असता. पण त्या मॅडमना एकदा इथे आणून उभं करा म्हणावं.

या अर्ध्या नर्सांमध्ये पहिला नंबर वनमालाआजींचा. नवरा गुणाजी, बारा नंबरच्या खाटेवर. गिरणीत कापसाच्या धुळीत ऐन उमेद गेली, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी, आणि दोन्हीकडे तोंडात विडी. छातीचा भाता व्हायचा तो झालाच. या वेळी आले तेव्हा ओठ निळे पडले होते. पण आठवडाभरात म्हातारा सावरला, बोलायला लागला, जयाशी भांडायलाही लागला.

"सिस्टर, सोमवारी माका सोडतलेत ना? ह्या तुमच्या डाळीन तोंडाची चव गेली. घराक जाऊन पयलो बांगडो खातलंय."

"खा ना आजोबा. पण विडी ओढलीत तर मीच घरी येऊन कान धरीन."

"धर गो. एवढ्या लांब येशीत तर तुकाय बांगडो देतलंय."

आजी शेजारच्या स्टुलावर बसून हसायच्या. भिंतीवरच्या काचेच्या नळीत ऑक्सिजनची छोटी गोळी तरंगायची, चाक जितकं उघडावं तितकी वर चढणारी, तिच्यावर त्यांचं सारखं लक्ष. पहिल्याच दिवशी जयाने सांगितलं होतं, "आजी, गोळी दोनावर ठेवायची. वर जाऊ द्यायची नाही." आजींनी मान डोलावली होती. का जाऊ द्यायची नाही, ते जयाने सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी "सिस्टर!" म्हणून ओरडलं, आणि राहिलं ते राहिलंच.

शनिवारी सकाळी मेट्रनच्या ऑफिसातून फोन आला. शुभा सिस्टरला खाली अतिदक्षता विभागात पाठवा.

"मॅडम, मी एकटी उरते इथे," जया म्हणाली.

"सगळीकडे तीच बोंब आहे, जया. घे ना जमवून."

शुभा गेली. जाताना वळून म्हणाली, "सॉरी यार." तिचा काय दोष? जयाने पदर खोचावा तशी कंबर कसली आणि इंजेक्शनांची ट्रॉली ढकलायला घेतली. सोबतीला एकटी शेवंतीमावशी, आणि ती तरी किती बेडपॅन उचलणार?

दुपारी दारापाशीच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली. एक नाही, लागोपाठ. चादर, जमीन, जयाचे हात, सगळं लाल. ती त्याला कुशीवर धरून डॉक्टरांसाठी ओरडत असताना लांबून आजींची हाक आली, "सिस्टर, ह्यांका धाप लागली गो! संडासाक जाऊन इले आणि ती बसानाच!"

"आलेच आजी!"

आलेच. त्या वॉर्डात याच्याइतकं खोटं वाक्य दुसरं नव्हतं, आणि जया दिवसभर तेच बोलायची. आजींनी पुन्हा हाक मारली. जयाने पुन्हा "आलेच" म्हटलं. मग हाक आली नाही.

उलटीवाल्याला खाली हलवलं, हात धुतले आणि जया धावत बारा नंबरकडे निघाली. मधे दोघांनी अडवलं, एकाचा सलाईनचा हात सुजला होता, एकाची सुई निघाली होती. पोचली तर आजींनी ओठांवर बोट ठेवलं. गुणाजी उशीला टेकून गाढ झोपले होते. गालांवर चक्क लाली.

"किती दिसांनी डोळो लागलो त्यांचो," आजी कुजबुजल्या. "नको उठवू गो बाय."

आणि जयाला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! अख्ख्या वॉर्डात एक माणूस तरी काही मागत नव्हता. तिने आजींच्या खांद्यावर थोपटलं आणि ती तशीच पुढे गेली. मान वर करून नळीतल्या गोळीकडे बघायला कितीसा वेळ लागला असता? पण तिचे पाय तोवर पुढच्या खाटेशी पोचले होते.

चहाच्या वेळी शेवंतीमावशी कप घेऊन फिरत होती. बारा नंबरशी थांबली आणि तिथूनच म्हणाली, "सिस्टर, हे आजोबा उठेना झालेत बघा."

जयाने जवळ जाऊन हाक मारली, खांदा हलवला, छातीवर बोटं दाबून चोळलं. काही नाही. श्वास होता, पण उथळ, आणि लांब लांब अंतराने. तेव्हा तिने वर बघितलं. गोळी नळीच्या पार टोकाला जाऊन चिकटली होती.

अशा जुन्या, खराब झालेल्या फुप्फुसांना ऑक्सिजन मोजूनमापूनच द्यावा लागतो. जास्त गेला की आतली खराब हवा बाहेर पडेनाशी होते, अंगात साठत जाते, माणसाला गुंगी चढते. बघणाऱ्याला वाटतं, झोप लागली. हे जयाला पाठ होतं. नुसतं पाठ असून काय चाटायचंय?

तिने चाक खाली आणलं, डॉक्टर अनिरुद्धना बोलावलं. ते पळत आले. हवा ढकलणारं मशीन हवं होतं. सगळी मशीनं कुणा ना कुणाच्या तोंडाला लावलेली. तोंडावर मास्क धरून हाताने हवेचा फुगा दाबत दोघांनी झुंज दिली. मधेच जयाला वाटलं, पापणी हलली. नव्हती हलली. दिवेलागणीला गुणाजी गेले.

हात धुताना जयाने डॉक्टरांना गोळीचं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. "रिपोर्टमध्ये मी लिहीनच," ते म्हणाले. "पण आज आजींना नका सांगू, सिस्टर. म्हातारीने कसं जगायचं मग?"

"नाही सांगत, सर."

आजी रडल्या, मग शांत झाल्या. मुलगा सुशांत कागदपत्रांसाठी खाली गेला होता. त्या आपल्या स्टुलावरच बसून होत्या, मांडीवर गुणाजींची कानटोपी. जया जवळ गेली तर त्यांनीच तिचा हात धरला.

"जीव लय गुदमरत होतो गो त्यांचो. मगे मी चाक फिरवलंय, तेव्हा खंय बरा वाटला. शेवटाक सुखान निजले. तूच शिकवलंस म्हणान माका जमला. देव तुझा बरा करो."

जयाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. आजींच्या हातातून हात सोडवून ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली, कारण तिथे इंजेक्शनं राहिली होती. आणि खरं सांगायचं तर तिथे आजींकडे पाठ करून उभं राहता येत होतं.

अकरा नंबरवर रश्मी नावाची मुलगी वडिलांना घेऊन दुपारीच आली होती. त्यांनाही तोच आजार. त्यांची धाप वाढली तशी ती घाबरून ओरडायला लागली, "सिस्टर! अहो सिस्टर, पप्पांना बघा ना!"

"आलेच!" जयाने सुई टोचता टोचता म्हटलं. म्हणताना तिने मान वळवली. वनमालाआजी स्टुलावरून उठल्या होत्या. डोळे पुसले, कानटोपी कमरेला खोचली.

"भिया नको गो बाय," त्या रश्मीला सांगत होत्या. "सिस्टर एकटी काय काय करतली? मी दाखवतंय तुका. ह्या चाक असा फिरवलास की बाबांका मस्त झोप लागतली."

आणि त्यांचा हात चाकावर गेला.

"आजी, हात लावू नका!" जया त्या टोकावरूनच किंचाळली. ट्रॉलीला धडकत ती धावली. "वाढवू नका! जीव जाईल त्यांचा!"

आजींचा हात चाकावर तसाच राहिला. त्यांनी अकरा नंबरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग पलीकडच्या खाटेवर पांढऱ्या चादरीखाली असलेल्या आपल्या नवऱ्याकडे. जया त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. तिला काहीतरी खोटं बोलायचं होतं, कुठलंही.

आजींनी हात हळूच काढून घेतला आणि पदराला पुसला.

"ह्या माका आधी कित्याक सांगूक नाय गो?" त्यांनी विचारलं.

"वेळ नव्हता, आजी," जया म्हणाली.

दाराकडून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर!" आजी अजून तिच्याकडेच बघत होत्या. मग त्याच म्हणाल्या, "जा. बोलवतत तुका."