पुदिन्याची कापणी आणि ताईचं नाक

पुदिना कधी कापायचा, हे त्या घरात एकट्या ताईचं नाक ठरवायचं. शेंड्याला कळ्या फुटायला लागल्या की ती चार पानं चुरगळायची, वास घ्यायची आणि दिवस सांगायची. घाई केली तर तेल कमी. उशीर झाला तर खालची पानं गळतात आणि तेलाला उग्र दर्प येतो. बाकीच्यांना सगळा वास सारखाच.

म्हणून तर तीन वर्षं तिचं शहरात जाणं रखडलं होतं. सुगंधी तेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं बोलावणं यायचं आणि वडील म्हणायचे, “एवढी कापणी होऊ दे, पोरी.” यंदा प्रयोगशाळेनं निक्षून कळवलं होतं: एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

दव सुकल्यावर ती शेतात गेली. पान चुरगळलं. आजच कापायला हवं होतं, यात शंका नव्हती.

“काय म्हणतंय नाक?” धाकट्या भावानं विळा हातात घेत विचारलं.

“आठ दिवस थांबा.”

एकदा आपलं चुकलं की घरचे या नाकाचा नाद सोडतील आणि आपल्याला जाऊ देतील, असा तिचा हिशेब होता.

“कळ्या तर फुटल्यात की गं.”

“तुला कळायला लागलं का आता? मग तूच सांग दिवस.”

“नको बाई! मला पुदिना आणि टूथपेस्ट एकच.”

वडिलांनी भट्टीची तयारी आठ दिवस पुढे ढकलली. तिनं सांगितलं म्हणजे झालं.

आठ दिवसांनी भारे बांधले, त्यात पानांपेक्षा काड्याच जास्त. भट्टी पेटली. वाफ नळीतून थंड होत भांड्यात उतरली, तर वर तेलाचा थर जेमतेम निम्मा. व्यापाऱ्यानं बाटलीचं बूच काढलं, तोंड वाकडं केलं आणि बूच परत लावलं. “हे नको.”

ती बोलणी खायला तयार होती. बॅगही भरून ठेवली होती.

“हवाच फिरलीय यंदा,” वडील म्हणाले. “जिथं तुझं नाक फसलं, तिथं आमची काय कथा? आता दुसरी कापणी तरी साधायला हवी. तू नसलीस तर संपलंच.”

खरं सांगायला तिला तोंड उरलं नव्हतं. एक तारीख आली आणि गेली.

काही आठवड्यांनी भावानं नव्या फुटव्याचा शेंडा तिच्यापुढे धरला. “ताई, झालाय का गं?”

तिनं मान फिरवली. वास यायचा तो आलाच. अजून बारा दिवस, नाकानं परस्पर सांगून टाकलं. भाऊ शेंडा धरून तसाच उभा होता.